जिवंत सेंटर, मेलेलं सेंटर

—अहो, चपला राहू द्या हो पायात, इथं काय संगमरवर घातलाय? भुसाच भुसा आहे सगळा. या आत. डोकं खाली, हा पत्रा पाहुणा बघत नाही की जावई. हां. आता आधी ही सळई धरा. धरा ना भाऊ, चावत नाही ती! चिंधा मशिनरीवाला म्हणाला होता, नाना, सेंटर बसवायला माणूस पाठवतो, हुशार माणूस आहे — आणि तुमचं तोंड बघितल्याबरोबर मी म्हटलं, हाच तो. काय? चिंधाकडून नाही आलात? मग कुणाकडून — बरं, राहू द्या, आलात ना? दोन हात बरोबर आणलेत ना? मग झालं. मोबाइलवर काय दाखवता मला, चष्मा आत राहिलाय, नंतर बघू. सळई धरा, या मागच्या भोकातून आत घाला, टोकाला टेकली की सांगा. मी ठोकलं असतं, पण माझा उजवा हात हल्ली माझं ऐकत नाही, हातोडी दिली की लेझीम खेळतो. बघा — बघा कसा नाचतो! वाजंत्री तेवढी लावायची राहिली.

हे काय आहे माहीत आहे का? लाकूड कातायचं लेथ. माहीत आहे म्हणता? मग आणखी एकदा ऐका, फुकट आहे. हे डोकं, हेडस्टॉक. ही शेपूट, टेलस्टॉक. आणि मधे हा लांबलचक बेड, म्हणजे खाट. आमच्या घरात दोन बेड, एक इथं शेडात आणि एक आत खोलीत, आणि दोन्हींवरची मंडळी उठून कुठं जात नाहीत. हसा की! हसायचंच आहे ते. तर डोक्याकडून मोटर लाकूड फिरवते आणि शेपटीकडून हे टोक लाकडात रुतून बसतं, आधार देतं. आता हे टोक आहे ना, हे फिरत नाही. लाकूड गरागरा फिरतंय आणि हे आपलं टोचून बसलंय, हुंड्याला अडलेल्या व्याह्यासारखं. याला म्हणतात डेड सेंटर. मेलेलं. आणि मेलेलं असून ओरडतं कसं! मेण लावलं तर गप्प, मेण सुकलं की धूर, जळका वास आणि अशी किंचाळी की पांझरेच्या पलीकडं कुत्री उठून बसावीत. म्हणून हे नवीन आणलंय, हे, पुडक्यातलं, बघा — लाइव्ह सेंटर. जिवंत. याच्या पोटात बेअरिंग आहे, लाकडाबरोबर हेही फिरतं, आवाज नाही की धूर नाही. आज हे नीट बसलं आणि मशीन गप्प चाललं, तर मशीन घरात राहील. नाही तर पोरगा विकणार. योगेंद्र, माझा मुलगा — कचेरीत कारकून आहे, म्हणून घरातही अटी घालतो. कारण काय, तर आत पुष्पाबाई आहे. माझी बायको. गेल्या उन्हाळ्यात झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. या मशीनचा आवाज झाला की ती घाबरते म्हणतात. म्हणतात हं. सूनबाई म्हणते, डॉक्टर म्हणतो, योगेंद्र म्हणतो. पुष्पाबाई काही म्हणत नाही. सगळं घोडं तिथंच तर अडलंय.

टेकली का सळई? ठोका मग. हळू नको हो, काय बाळाच्या पाठीवर थापटताय? जोरात. हां — नाही. निघत नाही. कसं निघेल? मी हे मशीन घरी आणलं तेव्हापासून ते तिथं घुसून बसलंय. रॉकेल सोडलंय सकाळी, मुरू द्या जरा. तोवर सांगतो, हे मशीन शाळेचं. इथलीच, देवपुरातली शाळा. सातवीत त्या शाळेनं मला बाहेर काढलं आणि पुढं त्याच शाळेनं मला शिपाई म्हणून आत घेतलं, घंटा वाजवायला! शिकू दिलं नाही, पण बाकीच्यांनी कधी शिकायचं आणि कधी थांबायचं हे माझ्या हातात दिलं. गणिताचा तास मी नेहमी जरा आधी मारायचो. पोरं मला देव मानायची. गणिताचे सर घड्याळ दुरुस्तीला टाकून आले एकदा — खरंच! मग सुतारकामाचे गुरुजी निवृत्त झाले, नवे आले नाहीत, खोलीत संगणक आले, आणि हे मशीन बाहेर पावसात. भंगारात निघालं तेव्हा मी हात वर केला. पुष्पाबाई हातगाडीमागं चालत आली होती, सगळ्या रस्त्यानं सांगत होती लोकांना — माझा नवरा लोखंडाची म्हैस आणतोय, दूध द्यायची नाही, शेण तेवढं टाकेल. आणि हा भुसा बघा. चुकली होती का?

ठोका पुन्हा. नाही? थांबा मग. हे नवीन कसं मिळालं ती गंमत ऐका. मोबाइलवर बघितलं मी, तो परदेशातला माणूस, दाढीवाला, लाकूड कातत असतो दिवसभर, तो म्हणत होता लाइव्ह सेंटर, लाइव्ह सेंटर. पाठ केलं. रिक्षावाल्याला म्हटलं, बाबा, लाइव्ह सेंटर पाहिजे, कुठं मिळेल? तो म्हणाला, बसा आजोबा, रोज चार म्हातारे सोडतो तिथं. आणि नेऊन सोडलं कुठं, तर सेवा केंद्रात! नोव्हेंबर ना. पेन्शनवाल्यांनी जिवंत असल्याचा दाखला द्यायचा महिना. रांग लागलेली सगळी, काठ्या, माकडटोप्या. मी पण बसलो रांगेत, मला वाटलं मशिनरीला गर्दी फार. नंबर आला, टेबलावरची पोरगी म्हणाली, अंगठा लावा. मी म्हटलं पोरी, मला लाइव्ह सेंटर पाहिजे. ती म्हणाली, हेच ते, अंगठा लावा. लावला. यंत्र म्हणालं जुळत नाही. पुन्हा लावला, जुळत नाही. लाकूड घासून घासून अंगठा झालाय गुळगुळीत गोटी. ती म्हणाली, आजोबा, हे तुम्हाला जिवंत धरत नाहीये. मी म्हटलं बाई, घरी पण हीच तक्रार आहे! सगळी रांग हसली. मीच हसलो पहिला. मग बाहेर आल्यावर चिंधा भेटला, त्याच्या दुकानात गेलो, तो म्हणाला नाना, याला आपल्याकडं रिव्हॉल्व्हिंग म्हणतात, लाइव्ह कोण म्हणतं? म्हटलं मी म्हणतो. जिवंतच पाहिजे मला. रिव्हॉल्व्हिंग तर काय, पंखापण असतो.

मारा आता. सगळं अंग लावून — आलं! आलं बघा, पडलं. उचलू नका, मीच उचलतो, ओळखीचं आहे. काय काळंठिक्कर झालंय टोक. आता ही चिंधी घ्या, रॉकेलमध्ये बुडवा, बोटाला गुंडाळा आणि आत फिरवा. गंज निघेल, निघू द्या. आत भोक निमुळतं आहे, जरा गंज राहिला की टोक वाकडं बसतं. फिरवा, फिरवा. छान हात आहे तुमचा, स्थिर. भुसावळला रेल्वे क्वार्टरात राहणाऱ्यांचे हात असेच असावेत, गाड्यांनी हादरून हादरून मुरलेले — का? चमकलात का? अहो, मला पहिल्यापासून माहीत आहे तुम्ही कोण ते! योगेंद्रनं जाहिरात टाकली मोबाइलवर, तुम्ही फोन केला, भुसावळहून टेम्पो घेऊन निघालात, फाटकाबाहेर उभा आहे तो टेम्पो, ड्रायव्हर तंबाखू मळतोय. चष्मा हा काय खिशात. म्हातारा काही आंधळा नाही. पण मी म्हटलं, माणूस एवढा लांबून मशीन न्यायला येतोय, रिकामा बसवायचा कसा? कामाला लावावा! तुमच्याच हातानं मी मशीन ठेवून घेणार आहे बघा. रागावू नका. या पंचक्रोशीत मी ज्याची टोपी उडवली नाही असा माणूसच नाही, तुम्ही एकटे कसे सुटाल. रागावलात? नाही ना? राहा मग. चहा येईल. सूनबाई रूपा चांगला करते चहा, तोंड मात्र वाकडं करून करते.

ही वांगी बघताय होय? घ्या, हातात घ्या. दाबा. दाबा ना! — हा हा हा, काय तोंड झालं तुमचं! लाकूड आहे, भाऊ. बाभूळ. वर रंग माझा, हिरवा, जळगावकडचं भरताचं वांगं असतं ना, तस्सं, पांढरे पट्टेसुद्धा. देठ वेगळा करून बसवलाय. मी आयुष्यात दुसरं काही कातलं नाही म्हटलं तरी चालेल. पोळपाटाचे पाय कातले, लाटणी कातली, पण ती कुणीही कातेल. वांग्यात मजा. बाजारात भाजीवालीच्या ढिगात एक हळूच ठेवायचं आणि समोर उभं राहून बघायचं, कोण दाबतं. आणि एका वर्षी कौतिक पाटलाच्या मळ्यात भरीत पार्टी होती. थंडी मजबूत, कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवलेल्या, त्या जाळात वांगी. मी एक माझं सोडलं आत. पुष्पाबाई बसली होती सोलायला, एकेक वांगं सोलायचं, देठ धरून लाकडी बडगीत टाकायचं, मुसळानं ठेचायचं. धुरानं डोळे चुरचुरत होते तिचे, दिसत नव्हतं नीट. माझं आलं हातात, वरून कोळसा झालेलं, टाकलं बडगीत, मारलं मुसळ — ठक्क! पुन्हा — ठक्क! सगळा मळा लोळला हसून. ती नाही हसली. मी म्हटलं, गेलो, आता महिनाभर उपास. पंगत बसली, सगळ्यांच्या ताटात भरीत-पुरी, आणि माझ्या ताटात तेच लाकडाचं वांगं, वर कांद्याची पात चिरून, शेंगदाणे, तेलाची फोडणी घातलेली, अगदी व्यवस्थित, आणि म्हणते कशी — खा. तुना हातनं शे. तुझ्याच हातचं आहे, खा! तेव्हा मी तिला पहिल्यांदा तशी बघितली. लग्नाला कितीतरी वर्षं होऊन गेली होती हो. जोडीदार मिळाला असं वाटलं एकदम.

झालं पुसून? आता हे नवीन घाला. थांबा, तसं सैल होईल. आधी हे पुंगळं, स्लीव्ह म्हणतात, हे याच्यावर चढवा. पहिलं आणलं ते जाड निघालं, दुसरं आणलं ते बारीक, मधलं मिळतच नाही. चिंधा म्हणाला, नाना, या मशीनचं माप आता कुणी बनवत नाही. म्हटलं, माझं तरी कोण बनवतंय? म्हणून हे पुंगळं, दुसऱ्याचा सदरा घालून वरातीत गेल्यासारखं. घाला. आता तळहातानं एक दणका. लोखंडानं नाही, तळहातानं! बसलं. आता शेपूट सरकवत आणा डोक्याकडं. टोकाला टोक भिडायला पाहिजे, नवरा-नवरीसारखं, मधला अंतरपाट काढल्यावर. भिडतंय? बघा वाकून, तुमचे डोळे चांगले. खाली आहे? किती? केसभर? केसभर म्हणजे वांगं पोटात थरथरणार. काही नाही, हे घ्या, गोळ्यांचं रिकामं पाकीट. तिच्या गोळ्या. घरात सध्या याला काही तोटा नाही. कात्री लावा, घडी घाला, शेपटीच्या बुडाखाली सारा. दोन घड्या घाला. आता? भिडलं! बघा, औषधाचा कुठं तरी उपयोग झाला. या घरात तरी मी पहिल्यांदाच बघतोय.

आता हा ठोकळा चढवा, यातच वांगं आहे, बाहेरचं काढलं की दिसेल. इकडून चार दातांचं टोक रुतवा, तिकडून चाक फिरवून जिवंत टोक दाबा. बास. बोट लावून फिरवा बघू — फिरतंय ना बरोबर ते पण? हलकं कसं! आता मी रूपाला हाक मारतो, बोर्डातला फ्यूज तिच्याकडं असतो. हो ना, काढून घेतलाय तिनं, मिठाच्या बरणीत ठेवते, तिला वाटतं मला माहीत नाही. रूपा! ओ रूपा! ये, आण तो फ्यूज, आणि चहा पण आण, पाहुणे आलेत, मशीन न्यायला आले होते, आता मशीन बसवायला थांबलेत! …आली. ही माझी सून, भाऊ. हिच्याकडं बघून घाबरू नका, मनानं चांगली आहे. हां बाई, दे. तिथंच उभी राहा, दारात, म्हणजे आतलंही ऐकू येईल तुला आणि इथलंही. लावतो हं. पटाशी तुम्ही धरा भाऊ, टेक्यावर ठेवा, दांडा जरा खाली — हां, असं. चालू.

…ऐका.

ऐकताय ना? काहीच नाही! मोटरीची नुसती घरघर, आणि लाकडाचा सर्रर्र. बघा कसे छिलके उडतायत, पापडासारखे. रूपा, बघ. झोपलेलं मांजर उठायचं नाही. आहे का आतून काही? जा, बघून ये. …काय म्हणते? शांत आहे? डोळे मिटलेलेच? बघ. मी म्हणत नव्हतो? मग आता? आता कर फोन तुझ्या नवऱ्याला. सांग, अट पुरी झाली, टेम्पो रिकामा जाणार. हसली! भाऊ, हसली ती, तुम्ही साक्षीला आहात, बऱ्याच महिन्यांनी हसली. हो बाई, ठेव, ठेव चहा तिथं. काय? दुपारची गोळी संपली? पाकीट तर भाऊंनी कापलं! बरं, तू आण जाऊन, मेडिकल उघडं आहे. आम्ही आहोत ना इथं. सावकाश ये.

…

गेली. फाटक वाजलं, ऐकलंत? रिक्षा मिळाली वाटतं. ठेवा कप खाली. काढा ते. काय म्हणजे काय, जिवंत काढा, मेलेलं घाला परत. अहो, चला ना, वेळ नाही. तुम्हाला काय वाटलं, मी एवढा खटाटोप आवाज बंद व्हावा म्हणून केला? वा रे वा! योगेंद्रला फसवलं, रूपाला फसवलं, आणि तुम्ही फुकटात फसलात. जिवंत आहे ते दाखवायला. वापरायचं मेलेलंच. मशीन घरात राहिलं पाहिजे एवढ्यासाठी हे सोंग. म्हणजे रूपा बाजारात गेली की मी हे काढणार आणि ते घालणार. आता तुमच्या हातांनी घालतोय, एवढंच. का, ते विचारताय ना? विचाराच, कधीचे विचारू की नको करताय.

मेण संपलं होतं त्या दिवशी. मी वांगं कातत होतो, टोक सुकलं, आणि किंचाळलं, जे किंचाळायचं ते नेहमीसारखं. आता काय व्हायचं नेहमी, ते ऐका. मशीन घरी आल्यापासून, हे किंचाळलं की ओट्याजवळून पुष्पाबाई किंचाळायची — बंद करा हाई! बठ्ठा डोकाना भुगा करी टाका! बठ्ठा म्हणजे सगळा, सगळ्या डोक्याचा भुगा केला म्हणे. रोज. खरं सांगू? मी मेण मुद्दाम कमी लावायचो. तेवढ्यासाठीच. ती ओरडली की मला बरं वाटायचं, घंटा वाजली असं वाटायचं, की आता शाळा भरली. आणि त्या दिवशी, वाचा गेल्यावर, एवढे महिने त्या खोलीत बाई नुसती छताकडं बघतेय, तिला बोलतं करायला चित्रांचे पत्ते घेऊन यायची एक मुलगी, हे काय आजी, गाय, हे काय, कप, काही नाही, काहीच नाही — आणि त्या दिवशी मशीन किंचाळलं आणि आतून आलं, बं—! मी ऐकलं. या कानांनी. बं. मी धावलो, पाय आपटला या बेडला, बघा, निशाण आहे अजून. आत रूपा तिला पोटाशी धरून बसलेली, म्हणते, नाना, घाबरल्या त्या, बघा कशा रडतायत, बंद करा ते. मी म्हटलं, रूपा, अगं तू म्हणतेस तेच तीही म्हणत होती! बंद करा! शिवी होती ती, शिवी! घाबरलेली बाई बं म्हणते का कधी? घाबरलेली बाई आई गं म्हणते! पण रूपानं फ्यूज काढला. योगेंद्रनं जाहिरात टाकली. डॉक्टर म्हणाला, आजोबा, असे आवाज येतात, त्याला शब्द धरू नका. तो तर परवा आलेला पोरगा, त्याला काय माहीत ती शिवी कशी सुरू करते ते.

बसलं का? दाबा. चाक आवळा, अजून, रुतू द्या. मेण नाही लावायचं. कोरडंच. आता माझं ऐका. मशीन मी चालू करतो, तुम्ही जा त्या आतल्या दारापाशी. आत बघू नका, ती कुणी बघितलेलं खपवून घेत नाही. नुसतं ऐका. माझे कान आता माझ्या बाजूनं झुकतात, मला कळतं ते. रूपाचे तिच्या बाजूनं. तुम्ही परके. तुम्हाला मशीन मिळालं काय, नाही मिळालं काय. तुम्ही सांगाल ते खरं. शिवी की रडणं, एवढंच सांगायचं. तयार? हात का जोडता भाऊ, एकदाच. एकदाच लावतो. शपथ. माझ्या शपथेवर या गावात कुणी विश्वास ठेवत नाही, तुम्ही बाहेरचे आहात, तुम्ही ठेवा.

चालू.

बस, तापू दे जरा — धूर आला, आला, आता — हां! हे! हेच! ऐका आता! पुष्पे! ए पुष्पे! बंद करायला सांग! म्हण, म्हण ना — बठ्ठा डोकाना — म्हण! — आलं! आलं ना! ऐकलंत? थांबा, बंद करतो, थांब रे, थांब, किती वेळ फिरतं हे —

हां. आता ऐका.

बं आहे ना त्यात? सुरुवातीला? नीट ऐका. हां, परत. …आणि परत. मधे श्वास घेते ती. ओढून घेते, बघा, दोनदा दोनदा. शिवी देणारा माणूस असा श्वास नाही घेत मधे. पुष्पाबाई तर शिवी एका दमात द्यायची, घाटाखालनं मालगाडी जावी तशी, डब्याला डबा लागलेला —

भाऊ, तुम्ही खाली का बघताय? सांगा ना. मी रागावणार नाही. तुम्ही भुसावळचे, तुमचा माझा काय…

बरं.

बरं, नका सांगू. कळलं.

…किती वेळ रडते. त्या दिवशीपण अशीच रडली असेल. रूपा सांगत होती.

इकडं द्या ती पटाशी. टेम्पो आत घ्या, फाटकातनं येतो बरोबर, उलटा घेतला की. डोकं सुटं होतं, शेपूट सुटी होते, बेड दोघांनी उचला, ड्रायव्हरला घ्या. दोन्ही सेंटर न्या. हे जिवंत लावा. ते दुसरं न्या आणि वाटेत पांझरेच्या पुलावरनं टाका, वापरू नका, कुणी कितीही म्हणालं तरी. योगेंद्रला मी सांगतो. रूपाला काय सांगू? …तिला सांगा, नानांनी गंमत केली. ती मानेल, ते मानतात सगळे. वांगं? अर्धंच झालंय ते. नाही, ते ठेवा. ठेवा म्हटलं ना तिथं. मी जातो आत, तिला पाठीवरनं हात फिरवला की थांबते म्हणतात. माझा हा हात तर नाचतो. डाव्यानं फिरवीन.

तुम्ही निघा आता. ड्रायव्हरला सांगा, हॉर्न वाजवायचा नाही. आणि दार ओढून घ्या.

हळू.

हळू म्हटलं ना — आवाज नको.